पंचावन्नच्या आत

आटपाडीच्या स्टँडवर पाच पन्नासला माझा फोन दोनदा वाजला आणि बंद झाला. मी उचलला नाही. तो उचलायचा नसतोच. स्क्रीनवर 'तेजल' नाव बघितलं, फोन बंद करून डब्याच्या पिशवीत टाकला, उरलेला चहा घशाखाली घातला आणि नलवडे कंडक्टरला म्हणालो, "चला, पोरगी पोचली."

नलवडे हसला. त्याचं हे रोजचं होतं. पिसाळांच्या पोरीनं मिस कॉल दिला नाही तर विट्याची गाडी हलायची नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असायचा, आणि खोटं सांगत नव्हता. मी सीटवर बसलो, आरसा पुसला आणि पाच पंचावन्नला गाडी काढली.

मी बजरंग पिसाळ. त्या वेळी एसटीत ड्रायव्हर म्हणून मला बावीस वर्षं झाली होती आणि बावीस वर्षांत माझ्या गाडीनं माणूस सोडा, शेळीलासुद्धा धक्का लावला नव्हता. लोक म्हणायचे नशीब चांगलं. नशीब कसलं आलंय? मी संशय घेऊन गाडी चालवायचो. पुढचा सायकलवाला हात न दाखवता वळणार, कडेचं पोर चेंडूमागं धावणार, उसाचा ट्रॅक्टर दिवा न लावता उभा असणार, हे मी धरूनच चालायचो. चाक हातात असताना फोनला हात लावायचा नाही हा तर माझा दंडकच होता. माझा फोन डब्याच्या पिशवीत, पिशवी सीटच्या मागं. विटा येईपर्यंत मी जगाला नाही आणि जग मला नाही.

एवढ्यासाठीच तो मिस कॉल होता. तेजल बारावीला होती, सायन्सला. कॉलेज सुटलं की घरी यायची, स्कूटी काढायची आणि साळशिंगे रस्त्याला महाडिक सरांच्या क्लासला जायची. क्लास सहाचा. मी तिला सांगून ठेवलं होतं, पोचलीस की मिस कॉल द्यायचा आणि तो मी गाडी काढायच्या आत यायला पाहिजे. एकदा गाडी काढली की सव्वा तास माझा जीव टांगणीला लागतो, आणि असा जीव घेऊन पन्नास माणसं न्यायची नसतात. पोरीनं ऐकलं. वर्षभरात एकदा सोडून मिस कॉल चुकला नव्हता. डेपोत मी कौतुकानं सांगायचो, माझी पोरगी घड्याळासारखी आहे.

त्या दिवशी सव्वासातला विट्यात गाडी लावली तर कंट्रोलर स्वतः केबिनबाहेर येऊन उभा. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

"पिसाळ, सरकारी दवाखान्यात जा. पोरीला फार लागलेलं नाही. पण तिनं एकाला उडवलंय."

मी त्याला म्हणालो, माणूस चुकला असेल, माझी पोरगी केव्हाच क्लासला पोचली. तो म्हणाला, साळशिंगे रस्त्यालाच झालंय, पाण्याच्या टाकीच्या वळणावर, सहाच्या सुमाराला. स्कूटी तुमचीच आहे.

दवाखान्यात तेजल बाकावर बसली होती. कोपराला पट्टी, गालाला खरचटलेलं, ड्रेसवर माती. माझी बायको उज्ज्वला तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आतल्या खोलीतून एक माणूस ओरडत होता. सदाशिव ढोले, वय पंचावन्न, यंत्रमागावरचा कामगार. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि त्याला सांगलीला न्यायची गाडी येत होती. त्याची बायको भिंतीला टेकून खाली बसली होती, नवऱ्याच्या चपला मांडीवर घेऊन. मी तिच्यासमोर दोन मिनिटं उभा राहिलो. तिनं वर बघितलं नाही.

वळणावर पंक्चरचं दुकान आहे. तो दुकानदार हवालदाराला सांगत होता ते मी या कानांनी ऐकलं. पोरीच्या हातात फोन होता, ती पुढं बघत नव्हती. फोनचं विचारलं तर तो हातातून उडाला आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरखाली गेला. त्यातलं आता काहीच दिसणार नव्हतं.

बावीस वर्षं ज्यानं फोनला हात लावला नाही त्याच्या पोरीच्या हातात फोन. माझं डोकं सणकलं. मी तिला कोपऱ्यात नेलं आणि विचारलं, "कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशीच नाही, पप्पा."

"फोन हातात कशाला होता मग?"

ती खाली बघत राहिली. मी तिला ओळखतो, खोटं बोलताना तिचे कान लाल होतात. पण त्या दिवशी तिचा सगळा चेहराच लाल होता, त्यामुळे मला काही कळेना. मी पुन्हा विचारलं. तेच उत्तर, कुणाशीच नाही. उज्ज्वला मध्ये पडली, पोरगी घाबरलीय, उद्या विचारा म्हणाली. पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

रात्री जेवण कुणाला गेलं नाही. साडेआठच्या सुमाराला दारात एक पोरगा स्कूटी ढकलत आला. पुढचा मडगार्ड फुटलेला, हँडल वाकडं. हर्षद तारळेकर, क्लासमधला. त्याच्या वडलांचं बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान. म्हणाला, काका, गाडी रस्त्यात पडली होती, आणून सोडली. मी त्याला खालून वरपर्यंत बघितलं. मिशी अजून फुटत होती, केसांना तेल नाही, हातात कसलंसं कडं. तुला कसं कळलं रे, असं विचारलं तर म्हणाला, क्लासमध्ये सगळ्यांना कळलं. जाताना त्यानं दारातून आत बघितलं. उगाच बघितलं असेल, पण माझ्या डोळ्यांतून ते सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली आणि महाडिक सरांच्या घरी गेलो. सर अंगणात दात घासत होते. मी विचारलं, काल तेजल क्लासला किती वाजता आली होती? सर म्हणाले, ती काल आलीच नाही, यायच्या आधीच ते सगळं झालं ना.

मी तिथंच खाटेवर बसलो. आलीच नाही? मग मिस कॉल कसा आला? पन्नासला मला मिस कॉल देऊन पोरगी सांगते मी पोचले, आणि पोरगी क्लासला पोचलेलीच नाही. म्हणजे तो मिस कॉल खोटा होता. बापाला गाफील ठेवायला दिलेला. बाप एकदा गाडीवर बसला की सव्वा तास फोन लावत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत? सव्वा तास तिला मोकळं रान. मग त्या सव्वा तासात ती कुठं जात होती, आणि कुणाशी फोनवर बोलत बोलत जात होती? कुठंतरी पाणी मुरत होतं एवढं नक्की.

आज हे सांगताना माझी मलाच लाज वाटते. पण तेव्हा एकेक गोष्ट अशी चपखल बसत गेली की मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

घरी येऊन तिला समोर बसवलं. सांगितलं, तू क्लासला गेलीच नव्हतीस. मिस कॉल खोटा होता. ती म्हणाली, "हो पप्पा. पोचायच्या आधी दिला." मला वाटलं होतं नाकारेल. तिनं कबूल केलं म्हटल्यावर माझा उरलासुरला धीर सुटला. कुठं जात होतीस, म्हणालो. क्लासलाच. कोण होतं फोनवर? कुणीच नाही. हर्षदचं नाव घेतलं तर तिनं असं बघितलं की जणू मी परक्या भाषेत बोलतोय. नाटक करते, मी म्हणालो. उज्ज्वला रडायला लागली.

मग मी ते बोललो. परीक्षा महिन्यावर आली होती आणि हॉल तिकीट कालच कॉलेजातून मिळालं होतं. मी ते तिच्या दप्तरातून काढलं, माझ्या पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. म्हणालो, "नाव सांग. नाव सांगितलंस तर परीक्षेला बस. नाहीतर शिक्षण इथं संपलं. जतला आत्याकडं पाठवतो, पुढचं ती बघेल." पुढचं म्हणजे काय ते तिला कळत होतं. माझ्या बहिणीकडं तीन स्थळं तयारच होती.

तेजलला फार्मसीला जायचं होतं. सातवीपासून ती हेच सांगत आली होती. माझं बोलणं ऐकून तिनं एकदा पेटीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि आत निघून गेली. नाव काही सांगितलं नाही.

असे आठ दिवस गेले. ते आठ दिवस मी घरात पोलिसासारखा वागलो. तिची पुस्तकं झटकून बघितली. वह्यांची शेवटची पानं चाळली, उशीचा अभ्रा उलटा केला. सापडलं काय, तर सूत्रं लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि एका वहीत माझाच पासपोर्ट साइज फोटो. तरी समाधान नाही. काही सापडत नाही म्हणजे पोरगी पक्की आहे, ताकास तूर लागू देत नाही, असं मी उज्ज्वलाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, काहीच नसेल म्हणून सापडत नसेल. मी तिलाही त्यात सामील धरायला लागलो होतो, म्हणून तिच्याशीही बोलणं तोडलं.

चौथ्या दिवशी भर बाजारात तारळेकरांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं तरी हर्षदला बाहेर ओढलं आणि विचारलं, माझ्या पोरीशी फोनवर काय बोलत असतोस? पोरगं पांढरं पडलं. म्हणाला, "काका, माझ्याकडं तिचा नंबरसुद्धा नाही. आम्ही तिला नुसतं 'डेपो' म्हणून चिडवतो, तेवढंच." डेपो म्हणजे काय म्हटलं तर काही सांगेना. त्याचे वडील गल्ल्यावरून उठून आले आणि मला हात जोडून म्हणाले, पिसाळ, तुमचं वय काय, तुमची नोकरी काय, असं करू नका. मी तसाच निघून आलो. डेपो हा काहीतरी त्यांच्या दोघांतला इशारा असणार, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

त्या आठ दिवसांत मी सदाशिव ढोलेला बघायला एकदाही गेलो नव्हतो. उज्ज्वला दोनदा जाऊन आली. नवव्या दिवशी मी गेलो, सफरचंदं घेऊन. खरं सांगतो, मी त्याची विचारपूस करायला गेलो नव्हतो. मी चौकशीला गेलो होतो. ज्याच्या अंगावर गाडी गेली त्यानं सगळं जवळून बघितलेलं असणार. मागच्या सीटवर कोण होतं, कोण उडी मारून पळालं, हे तोच सांगेल, असा माझा हिशोब होता.

सांगलीच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर तो पडला होता. पाय वजन लावून टांगलेला. वाळलेला, काळासावळा माणूस, बोटांच्या पेरांवर सुतानं पडलेले बारीक काप. मी नाव सांगितलं. त्यानं चादर जरा वर ओढली आणि म्हणाला, बसा. रागानं नाही, पण मऊपणानंही नाही. मी इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आलो. मागं कोण होतं म्हणालो.

"मागं कुणी न्हवतं. ती एकटीच असती रोज."

"रोज?"

"रोज म्हंजे रोज. माझी सहाची पाळी. पाच पन्नासला मी टाकीच्या वळनावर असतो, आन ती समोरनं येती. डाव्या हातात फोन. एक बटन दाबती, जरा वेळानं दुसरं दाबती आन फोन खिशात घालती. कानाला कधी लावल्याला मी बगितला न्हाई. मला वाटायचं टाईम बघत आसल पोरगी." तो थांबला, पाण्याचा घोट घेतला. "बगत न्हाई म्हणून मीच कडंला व्हायचो रोज. त्या दिशी सायकलची चेन पडली हुती. खाली बसून चेन बसवत हुतो. उठाय गावलंच न्हाई."

मी विचारलं, नक्की पन्नासला? सहाला नाही? तो म्हणाला, मागावर पाच मिनटं उशीर झाला तर मालक दारात उभं करतो, मला टाईम शिकवू नका ड्रायव्हर.

मी उठलो. काहीतरी बोलून बाहेर आलो. व्हरांड्यात खिडकीपाशी उभा राहिलो आणि फोन काढला. त्या जुन्या फोनात शेवटचे वीस मिस कॉल राहायचे. मी ते कधी उघडून बघितले नव्हते, बघायचं कारणच नव्हतं. एकेक उघडत गेलो. तेजल, पाच पन्नास. तेजल, पाच एकोणपन्नास. तेजल, पाच पन्नास. तेजल, पाच एक्कावन्न. सगळे तेच. त्या दिवशीचा पण त्यांतच होता, पाच पन्नासचा. ढोले म्हणाला त्याच मिनिटाचा.

ती कुणाशीच बोलत नव्हती. ती मला मिस कॉल देत होती.

सांगलीहून विट्याला मी प्रवासी म्हणून बसून आलो. पुढच्या सीटवर बसायची माझी सवय, पण त्या दिवशी अगदी शेवटच्या सीटवर जाऊन बसलो.

घरी आलो तेव्हा तेजल स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. उज्ज्वला देवळात गेली होती. मी पाटावर बसलो आणि पहिल्यांदा नीट विचारलं, "पोचायच्या आधी मिस कॉल का द्यायचीस?"

तिनं विळी बाजूला सारली. म्हणाली, "प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं, पप्पा. घरी यायला पावणेसहा होतात. तिथून क्लासला अठ्ठावन्नला पोचते. आणि तुम्हाला पंचावन्नच्या आत पाहिजे असतो."

बावीस वर्षं मी वेळापत्रकावर जगलो. कुठली गाडी कुठल्या फाट्यावर किती वाजता असते ते मी झोपेत सांगितलं असतं. माझी आटपाडीची गाडी आधी सहा-दहाला सुटायची. जूनमध्ये नवीन वेळापत्रक आलं आणि ती पाच पंचावन्नची झाली. त्या रात्री जेवताना मी तेजलला म्हणालो होतो, आता पंचावन्नच्या आत हं. ती बरं म्हणाली होती. क्लास सहाचा आहे, पोरगी पंचावन्नच्या आत कशी पोचेल, हा हिशोब माझ्या मनात आलासुद्धा नव्हता.

मग मला का नाही सांगितलंस, मी म्हणालो. सांगितलं होतं, ती म्हणाली. पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते की जमत नाही, तर तुम्ही म्हणालात, जरा लवकर निघत जा. मला ते आठवतही नव्हतं. ती पुढं सांगत गेली. मग एकदा प्रॅक्टिकल लांबलं आणि मिस कॉल आला नाही, तेव्हा तुम्ही गाडी थांबवून धरलीत आणि सहानंतर स्टँडवरून महाडिक सरांना फोन केलात. सर वर्गात ओरडले, पिसाळ, डेपोतून फोन आहे, पोचली का विचारतायत. सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून तिचं नाव डेपो पडलं. दुसऱ्या दिवसापासून ती वाटेतच मिस कॉल द्यायला लागली. टाकीच्या वळणावर गाडी तशीही हळू करावी लागते, म्हणून तिथं.

"थांबून द्यायचा होतास गं," मी म्हणालो.

"थांबायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "सुरुवातीला थांबायचे. मग सवय झाली. बटण न बघता दाबता यायचं. त्या दिवशी नवीन फोन होता, कट करायचं बटण बघावं लागलं."

तिनं तिची चूक लपवली नाही आणि माझ्यावर ढकललीही नाही. मी विचारलं, आठ दिवस गप्प का बसलीस? हॉल तिकीट पेटीत जाऊनसुद्धा? तेव्हा तिला रडू आलं. म्हणाली, तुम्ही डेपोत सगळ्यांना सांगत होता पोरगी पोचल्याशिवाय मिस कॉल देत नाही. मी रोज खोटा देत होते. ते कसं सांगणार? आणि तुम्ही विचारत होता नाव काय. नाव तुमचंच होतं. ते सांगितलं असतं तर तुम्ही उद्या गाडी कशी चालवली असती?

मला तिच्याकडं बघवेना. पेटी उघडली, हॉल तिकीट काढून तिच्या हातात दिलं. ते तिनं घेतलं, पण थोड्या वेळानं म्हणाली, ढोलेमामांना मला भेटायचंय, तुम्ही परवानगी दिली नाही म्हणून गेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. त्याआधी मी पोलीस चौकीत जाऊन जबाब लिहून दिला. गाडी माझ्या नावावर, पोरगी सतरा वर्षांची, लायसन्स नाही, आणि गाडी तिला मी दिली. हवालदार माझ्या ओळखीचा होता, म्हणाला, पिसाळ, एवढं लिहायची गरज नाही, सायकल रस्त्यात होती असं म्हणा. मी म्हणालो, सायकल कडेला होती, तसंच लिहा. तारळेकरांच्या दुकानात माफी मागायला जायचं धाडस मात्र मला चार महिने झालं नाही.

दवाखान्यात तेजलनं ढोलेच्या टांगलेल्या पायाकडं बघितलं आणि तिला हुंदका आवरेना. तो तिच्याकडं बघत होता. त्याच्या जबड्याचं हाड हलत होतं. दहा दिवस त्यानं या पोरीला मनात काय काय म्हटलं असेल ते सगळं त्याच्या तोंडावर आलं होतं. ती माफी मागणार एवढ्यात मी बोललो. आधी मीच बोलायला पाहिजे होतं.

"ढोले, ती टाईम बघत नव्हती. तो फोन मला होता. मीच तिला तशी शिस्त लावली होती, गाडी काढायच्या आत मिस कॉल आलाच पाहिजे म्हणून. ती त्या वेळेत पोचूच शकत नव्हती. मी कधी बघितलं नाही."

शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं. त्याची बायको भाकरी सोडायची थांबली होती.

"मी धा दिस ह्या पोरीवर राग धरून हाय," तो शेवटी म्हणाला. "तेवढ्यावर पडून राहिलोय हितं. आता तुमी येऊन हे सांगताय. मग आता राग धरू कुणावर?"

"माझ्यावर धरा," मी म्हणालो.

त्यानं मान भिंतीकडं वळवली. आम्ही निघालो.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेजल परीक्षेला बसली, चालत गेली आणि चालत आली. मिस कॉल मी बंद केला. पहिले काही दिवस पंचावन्नला गाडी काढताना हात डब्याच्या पिशवीकडं जायचा, मग काळजी तशीच सोबत घेऊन चालवायला शिकलो. ढोलेचा पाय जुळला पण आखडला. मागावर उभं राहणं त्याला पुन्हा जमलं नाही, मालकानं त्याला गेटवर बसवलं. तेजल फार्मसी झाली, विट्यातच दुकानात लागली, आणि दर महिन्याला त्याची गोळ्यांची पिशवी ती स्वतः त्याच्या घरी नेऊन देते. तो तिच्या हातचा चहा घेतो, सुनेला सांगून तिला शेंगा बांधून देतो. माझ्या गाडीत तो कितीदा तरी बसला. काठी टेकत चढायचा, नलवडेशी बोलायचा, आणि उतरताना माझ्या केबिनकडं न बघता उतरायचा.

तेजलच्या लग्नाला तो आला होता. अक्षता पडल्यावर स्टेजजवळ आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मी हात जोडून पुढं झालो, जेवून जावा म्हणालो. तो माझ्या बाजूनं, काठी टेकत, दरवाजाकडं निघून गेला. उज्ज्वलाचे डोळे भरले, नलवडे म्हणाला, किती वर्षं धरायचं माणसानं. मी त्याला गप्प केलं. ढोलेनं राग माझ्यावर धरला, पोरीवर धरला नाही. मी त्याच्याकडं तेवढंच मागितलं होतं.